मंडळीत दारूबंदी कडक, पण वेशीवरच्या दुकानाचं काय?

बेथेलकर (धागाकर्ता)

सगळ्यांना सलाम. हा विषय काढीन काढीन म्हणत राहून जायचा. यावेळच्या प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत मेजावरचा रोटी-प्याला घेण्याच्या विधीच्या) रविवारी निमित्त मिळालं.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची सभासद माणसं, जालना जिल्ह्यातली, खेड्यातली. पन्नासेक घरं, बहुतेक मजुरीवाली. रोटी-प्याल्याच्या आधी पाळकसाहेबांनी एका भावाचं नाव घेऊन सांगितलं की दारू सुटत नाही तोवर त्याला मेजाजवळ येता येणार नाही. तो उठला, चपला शोधल्या आणि गेला. बायको बायकांच्या बाजूला बसलेली होती, तिनं पदर पुढं ओढला. कोणी काही बोललं नाही, कारण नियम जुना आहे आणि आम्ही सगळे तो मानतो. ख्रिस्ती झाला म्हणजे दारू सुटली, हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून गावात धरून चालतात. इतर समाजातले लोकही धरून चालतात, म्हणून तर एखादा ख्रिस्ती माणूस पिऊन पडला की दुप्पट हसतात.

आता मुद्दा. ज्या दुकानात तो भाऊ पितो ते देशीचं दुकान चर्चच्या फाटकातून दिसतं. तो गाळा ज्याच्या मालकीचा आहे, त्यानं तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या छपराला पत्रे दिले. माणूस ख्रिस्ती नाही, गावातला वजनदार आहे. आत शिरताना डाव्या हाताला फरशी बसवलीय, तीवर त्याचं नाव कोरलंय, 'सप्रेम भेट' म्हणून. पिणारा मेजावरून उठवला गेला आणि पाजणाऱ्याच्या गाळ्याचं भाडं घेणारा फरशीवर बसला. हे मला पचत नाही.

शास्त्रात दारूवर जेवढं आहे तेवढं आम्हाला पाठ आहे. नीतिसूत्रांच्या 23 व्या अध्यायातलं ते लाल डोळ्यांचं, विनाकारण घायांचं वर्णन कोणताही उपदेशक डोळे मिटून सांगेल. इफिसकरांस पत्र, करिंथकरांस पत्र, नोहाची फजिती, सगळं. पण बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायावर मी आमच्याकडं एकही प्रवचन ऐकलेलं नाही. तिथं 'हाय हाय' पिणाऱ्याला म्हटलेलं नाही, शेजाऱ्याला पाजणाऱ्याला म्हटलंय.

आणि ख्रिस्ती दारूविरोधाची चळवळ मुळात अशी नव्हतीच. 1873 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या हिल्सबरो गावी बायका घराबाहेर पडल्या आणि गुत्त्यांच्या दारात गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. नवऱ्यांना घरी बसून उपदेश केला नाही, मालकाला म्हणाल्या की धंदा बंद कर. त्यातूनच पुढच्या वर्षी स्त्रियांची ख्रिस्ती मद्यनिषेध संघटना उभी राहिली. फ्रान्सिस विलर्ड तिच्या अध्यक्ष झाल्यावर बायकांचा मताधिकार, मजुरांच्या कामाचे तास असे विषयही तिनं हातात घेतले. आपल्या पंडिता रमाबाई 1886 ते 88 अमेरिकेत होत्या. तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी 1889 साली मराठीत जे पुस्तक छापलं, त्यात या संघटनेबद्दल भरभरून लिहिलंय. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. मग आमच्याकडं तिचं 'अमुकतमुकाला मेजावरून उठवा' एवढंच कसं उरलं?

मराठवाड्यातल्या इतर मंडळ्यांचा अनुभव काय, ते लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा.

---

मोसंबीचा_बाग

येशूनं पहिला चमत्कारच पाण्याचा द्राक्षारस करून केला ना हो? सहा रांजण! लग्नघरी! आणि तुम्ही लोकं दारूबंदीवाले 😄

---

उदगिरी

आला, आला. हा प्रतिसाद येणार हे माहीतच होतं.

मोसंबीभाऊ, काना गावच्या लग्नाचा वाद आमच्यातही जुना आहे. आम्ही मेथडिस्ट. आमच्या पंथाच्या एका दंतवैद्याला, थॉमस वेल्चला, प्रभुभोजनात मादक पेय असणं खटकत होतं. त्यानं 1869 मध्ये द्राक्षाचा रस उकळून आंबण्यापासून थांबवला. आज बाजारात बाटलीबंद द्राक्षाचा रस मिळतो त्याची सुरुवात चर्चच्या मेजापासून झालीय. आमच्या गावी एवढंही लागत नाही. शनिवारी रात्री काळे मनुके भिजत घालायचे, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायचे. माझी आई करायची, आता बायको करते. थोडा गूळ पडला तर पोरं दुसऱ्यांदा रांगेत येतात.

मला स्वतःला येशू द्राक्षारस प्यायला की नाही यावर भांडायचं नाही. प्यायला असेल. त्याला 'खादाड आणि दारूबाज' म्हणणारे शुभवर्तमानातच आहेत. पण गालीलातल्या लग्नातला द्राक्षारस आणि सकाळी सातला रिकाम्या पोटी घेतलेली देशीची चपटी यांचा संबंध लावायचा असेल तर लावा बुवा.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला जोर देणारी एक गोष्ट. आमच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्यानं 1743 मध्ये आमच्या सभासदांसाठी जे नियम लिहिले, त्यात कडक दारू पिण्याबरोबर विकत घेणं आणि विकणं हेही निषिद्ध आहे. पैशाच्या वापरावरच्या त्याच्या प्रवचनात तर दारू विकणाऱ्यांना त्यानं लोकांना घाऊक विष घालणारे म्हटलंय आणि त्यांच्या वाड्यांना, बागांना, झाडींना शाप दिलाय. तुमच्या फरशीवाल्याला ऐकवा.

---

तिरकस_तात्या

छान छान. आता जरा इतिहास पुढं वाचू या.

याच ख्रिस्ती बायाबापड्यांच्या चळवळीनं अमेरिकेत घटनादुरुस्ती करून घेतली, 1920 पासून देशभर बंदी. काय झालं? गावठी, तस्करी, गुंडांच्या टोळ्या. 1933 ला दुसरी घटनादुरुस्ती करून पहिली मागं घ्यावी लागली. लांब कशाला, आपल्याकडं नागालँड बघा. बाप्टिस्ट मंडळ्यांनी रेटून 1989 चा दारूबंदी कायदा आणला, तो आजही आहे आणि दिमापूरला काय मिळत नाही ते विचारा. मिझोरममध्ये प्रेस्बिटेरियन चर्चच्या आग्रहानं 1997 पासून बंदी, 2015 ला दुकानं उघडली, 2019 ला परत बंदी. चंद्रपूरला 2015 ला बंदी, 2021 ला उठली. बंदीनं दारू जात नाही, फक्त तिचा भाव वाढतो आणि पोलिसांचा हप्ता सुरू होतो.

बाकी चालू द्या.

---

ऑडिटवाला_लातूर

तात्या, अर्धंच सांगितलं. अमेरिकेत बंदीच्या पहिल्या काही वर्षांत पिणं खरंच घटलं होतं आणि सिरॉसिसनं (यकृत निकामी होण्याच्या आजारानं) मरणारेही घटले होते. टोळ्या वाढल्या हेही खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

आणि आपल्या राज्यात 'बंदी' नाही असं कुठंय? 1949 चा कायदा दारूबंदीचाच आहे, नावासकट. परवान्याशिवाय पिणं आजही कागदोपत्री गुन्हा. तो कायदा झाला तेव्हा मराठवाडा हैदराबादेत होता म्हणून आपण तेवढे दिवस सुटलो. निजामाचं आबकारी खातं ताडी आणि मोहाच्या दारूवर चांगलं पोसलेलं होतं. आताचं सरकारही त्याच रस्त्यानं चाललंय. जून 2025 मध्ये भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचा कर उत्पादन खर्चाच्या तिप्पट होता तो साडेचारपट केला आणि धान्यापासून बनणारी 'महाराष्ट्र मेड' अशी नवीन वर्गवारी काढली. कारण काय दिलं? महसूल वाढवायचा. ज्या तिजोरीला बाटली रिकामी झालेली हवी असते, ती भिंतीवर व्यसनमुक्तीची घोषणा रंगवते.

तेव्हा फरशी एकट्या चर्चमध्ये नाही.

---

वाळूज_बी_शिफ्ट

लिहू का नको असं करत होतो. लिहितोच.

मी कॅथलिक, मूळचा वैजापूर तालुक्यातला. वाळूजला एका बिअर कंपनीत बाटल्या भरायच्या लाइनवर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्यात दारूला सरसकट पाप म्हणत नाहीत. मिस्साला, म्हणजे आमच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, खरी, द्राक्षाचीच वाइन लागते, मनुक्याचं पाणी चालत नाही. एखाद्या फादरला स्वतःला व्यसनाचा त्रास असेल तर नावापुरता आंबलेला रस वापरायची परवानगी मिळते, ती गोष्ट वेगळी. आमचे फादर म्हणतात की पिऊन माणूसपण घालवणं हे पाप आहे, घोट पाप नाही.

आता सगळे इथं पाजणाऱ्यावर उठलेत म्हणून विचारतो. मी पण पाजणाराच ना? दर मिनिटाला माझ्यासमोरून किती बाटल्या जातात ते मोजत नाही, मशीन मोजतं. पोराची फी त्यातून जाते. आईचं डायलिसिस त्यातून झालं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं आमच्या दारू-बिअर कारखान्यांचं पाणी आधी 50 टक्के आणि मग मे महिन्यात 60 टक्के तोडायला लावलं. पेपरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही म्हणलं बरोबर आहे, माणसाला प्यायला नाही आणि बिअरला कसं देणार. पण पहिली घरी बसवली ती कंत्राटी पोरं. मालकाच्या घरचा नळ चालूच होता.

तुमच्या पाळकसाहेबांनी मला मेजावरून उठवलं तर मी कुठं जाऊ, ते सांगा. ज्वारीचं एकरभर रान आहे.

---

बेथेलकर

@वाळूज_बी_शिफ्ट, दादा, तुम्हाला कोणी उठवू नये. लाइनवर उभा राहणारा, दुकानात बाटल्या काढून देणारं पोरगं आणि परवाना नावावर असणारा, हे तिघं एका ओळीत बसवायला माझं मन घेत नाही. हबक्कूकला कामगार दिसत होता असं मला वाटत नाही. त्या अध्यायात पुढंमागं सगळं लुटीनं घर बांधणाऱ्यांबद्दल आहे.

पण तुम्ही विचारलात तो प्रश्न टाळण्यासारखा नाही. वेस्लीचा नियम अक्षरशः लावला तर अर्धं वाळूज मेजाबाहेर जाईल. माझ्याकडं तयार उत्तर नाही.

---

नागसेनवनातला

चांगली चर्चा. दोन गोष्टी बाहेरून.

एक, दारू सोडणं ही धर्म बदलल्याची खूण मानणं फक्त तुमच्याकडं नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याचीही आहे. माझ्या आज्यानं त्या दिवसानंतर थेंब घेतला नाही. माझ्या चुलत्यांनी मात्र जयंतीच्या मिरवणुकीत काय केलं ते सांगत नाही.

दुसरी जरा टोचणारी आहे. जुन्या मिशनऱ्यांच्या लिहिण्यात आमच्या लोकांचं चित्र एकच असायचं, पिणारे, मेलेल्या ढोराचं खाणारे, आणि मग प्रभूनं सुधारलेले. ते वाचताना अजूनही कानशिलं तापतात. प्यायला काय फक्त म्हारवाडा-मांगवाडाच प्यायचा? पाटलाच्या वाड्यात काय ताक ढोसायचे? फरक एवढाच की वाड्यातली दारू माडीवर असायची आणि आमच्याकडची उघड्यावर. आजही गावात नवीन देशी दुकान कुठं उघडतं बघा. देवळाजवळ नाही, शाळेजवळ नाही, अंतराचा नियम आहे ना. मग उरतं काय? वस्तीची बाजू. बेथेलकरांच्या चर्चमधून दुकान दिसतं ते उगाच नाही, कारण चर्चही वस्तीच्या बाजूलाच असणार.

---

बेथेलकर

शंभर टक्के. चर्च वस्तीतच आहे.

---

माळकरी_पैठण

रामकृष्ण हरी. आमच्यात माळ घातली की सुटली म्हणतात. खरं सांगू? माळ खुंटीला टांगून बसणारे मी पाहिलेत, आणि परत घालताना कपाळाला लावून पाया पडणारेही. तेव्हा तुमच्या मंडळीचं फार मनाला लावून घेऊ नका. पण एक आहे, माळ घातलेल्या माणसाला गावात कोणी आग्रह करत नाही. लग्नात, बैठकीत, निवडणुकीत, 'माळकरी आहे, सोड त्याला' म्हणून ग्लास पुढं सरकतो. तुमच्या बाप्तिस्म्याचं तसं होतं का?

---

उदगिरी

होतं आणि नाही पण. म्हाताऱ्यांना सोडतात. तरुणांना मुद्दाम धरतात, 'पास्टरचं पोरगं पितंय का बघू' म्हणून.

---

केजची_लेक

सगळ्या दादालोकांचं वाचलं. अमेरिका झाली, नागालँड झालं. आता माझ्या आईचं ऐका.

आम्ही ऊसतोडीचे. बीड जिल्हा म्हटल्यावर वेगळं सांगायला नको. मुकादम पोळ्याच्या आगंमागं येतो आणि उचल देतो. खाटेवर बसून नोटा मोजायचा, बापाचा अंगठा घ्यायचा. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. म्हणजे उचल दोघांच्या मजुरीवर, अंगठा मात्र एकाचा. आई चुलीजवळून बघायची. पैसे बापाच्या कोपरीच्या आतल्या खिशात गेले की तिला कळायचं की आता किराणा, पोरांचे कपडे, दवाखाना, जे काय मागायचं ते आज रात्रीपर्यंतच. दिवाळीच्या आत त्यातला निम्मा गल्ल्यात गेलेला असायचा. आमच्या गावचा दुकानवाला उधारी पण द्यायचा आणि वहीत काय लिहायचा माहीत आहे? 'किराणा'. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, मला येत होतं. तिसरीत होते. ती वही मी वाचून दाखवली तेव्हा तिला कळलं की आपण चार महिने तूरडाळ खातोय.

मग फडावर. बाप पिऊन पडला की खाडा. खाड्याचा दंड कोयत्याच्या हिशोबात, म्हणजे आईच्या पण. ती एकटी तोडायची, मोळ्या बांधायची, मी पाचट बाजूला करायची. फिटलं नाही की पुढच्या वर्षाच्या उचलीत बाकी. आणि ती दारू कशाची? मळीची. त्याच उसाची. आम्ही तोडलेला ऊस कारखान्यात जायचा, साखर एकीकडं निघायची, मळी दुसरीकडं, आणि तीच बाटलीतून आमच्या वस्तीत परत यायची.

मी आणि आई पुढं ख्रिस्ती झालो, बाप नाही झाला. सुरुवातीला आई एका पाळकांकडं गेली होती. ते म्हणाले, प्रार्थना करा, नवऱ्याच्या अधीन राहा, तो तुमच्या नम्रतेनं जिंकला जाईल. आईनं ऐकून घेतलं. डोळ्याजवळची जखम ताजी होती, ती त्यांना दिसत होती.

मदत केली ती मंडळीतल्या बायकांनी. मंगळवारच्या प्रार्थनेला जमायच्या, त्यांनी बचत गट काढला. पासबुकं घरी ठेवली की नवरे घेऊन जातात, म्हणून सगळी पासबुकं चर्चच्या लोखंडी कपाटात, भजनाच्या पुस्तकांच्या मागं. चावी एका विधवा बाईकडं. बाप एकदा रात्री चर्चला येऊन कपाट उघडा म्हणून ओरडला होता. त्या बाईनं आतून कडी लावली आणि मोठ्यानं गाणं म्हणायला सुरुवात केली, बाकीच्या बायका जमा होईपर्यंत. पुढच्या वर्षी आईनं मुकादमाला सांगितलं की उचल माझ्या खात्यावर टाक, नाहीतर मी येत नाही, तू एकट्याचा कोयता ने. एकट्याचा कोयता घेऊन तो करणार काय? मान्य केलं.

म्हणून मला ख्रिस्ती दारूविरोध म्हणलं की मेज वगैरे आठवत नाही. ते कपाट आठवतं.

बेथेलकर सर, त्या उठून गेलेल्या भावाच्या बायकोला कोणी भेटायला गेलं का, ते तुम्ही लिहिलं नाही.

---

मोसंबीचा_बाग

ताई 🙏 माझा वरचा प्रतिसाद मनावर घेऊ नका.

---

आंबानगरी

अंबाजोगाईत नर्स आहे. केजची_लेक, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तू लिहिलंस ते आकड्यांतही दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) ज्या बायकांचे नवरे वारंवार पिऊन येतात, त्यांच्यातल्या 70 टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली होती. न पिणाऱ्यांच्या बायकांत हेच प्रमाण 23 टक्के. म्हणजे न पिणारेही काही देव नाहीत, पण फरक बघा. देशात पिणारे पुरुष 19 टक्के, बायका 1 टक्का. मार खाणारा भाग नेमका उलटा.

मला बोलायचंय ते प्रार्थना-शिबिरांबद्दल. मी स्वतः प्रार्थना करणारी आहे, तेव्हा टिंगल समजू नका. आमच्या भागात पिणाऱ्याला तीन दिवस कोंडून उपास-प्रार्थना करायची पद्धत पडलीय. दारू एकदम बंद, जेवण बंद. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचं शरीर दारूला सरावलेलं असतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम, उलट्या. पहिल्या-दुसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, अंगावर साप चढल्यासारखं वाटतं, ताप चढतो, माणूस दगावू शकतो. शिबिराचे तीन दिवस नेमके याच काळात येतात. मग म्हणतात, भूत निघायलंय, अजून जोरात प्रार्थना करा. अहो, ते भूत नाही, त्याला दवाखान्यात आणा. झटके थांबवायची औषधं आहेत, ब-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आहे. ते जीवनसत्त्व न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तरी मेंदूला धोका असतो, म्हणून घरगुती डॉक्टरकडून सलाइन लावून घेणंही बरं नाही. सोडवणूक आधी दवाखान्यात, प्रार्थना खाटेशेजारी. कोणी अडवत नाही.

14446 हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, फुकट आहे.

आणि चर्चला जागा द्यायचीच असेल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसला (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) द्या. ती 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रनला सुरू झाली, दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून. दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळीत जाणारे होते. आपली चूक दुसऱ्यासमोर बोलायची, भरपाई करायची, या गोष्टी तिथूनच आल्यात. पण पुढं त्यांनी दार सगळ्या धर्मांना उघडं ठेवलं. तिथं प्यायला म्हणून कोणाला उठवत नाहीत. पिऊन आला तरी खुर्ची देतात, फक्त त्या दिवशी बोलू देत नाहीत.

---

तिरकस_तात्या

हे मान्य. केजच्या ताईंचं आणि आंबानगरींचं, दोन्ही. माझा विरोध बंदीला आहे, कपाटाला नाही.

---

सत्यवचन_777

दारू सैतानाचं मूत्र आहे!! जो पितो तो नरकात. डॉक्टर, नर्स, एए हे सगळं मानवी ज्ञान. आमच्या पास्टरनी हात ठेवला की एका मिनिटात सुटते. रविवारी या, पत्ता खाली…

*(पत्ता व फोन नंबर काढून टाकले आहेत. धाग्यावर जाहिरात नको. – संपादक)*

---

आंबानगरी

एका मिनिटात सुटलेले दोघं माझ्या वॉर्डात आहेत. बाकी काही म्हणायचं नाही.

---

बेथेलकर

केजची_लेक, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. परवापर्यंत कोणी गेलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला, ती आणि तिची जाऊ काल जाऊन आल्या. भाऊ घरी नव्हता. वहिनी म्हणाल्या, मेजावर बसू दिलं नाही याचं त्याला फार लागलंय आणि लागलं म्हणून दोन दिवस जास्तच पितोय. दवाखान्याला तयार आहे का, हे विचारायचंय, आंबानगरींनी सांगितलं तसं.

पाळकसाहेबांशीही बोललो. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, 'मेजाची शिस्त मोडली तर माझ्याकडं उरतं काय?' मी म्हटलं, शिस्त ठेवा, पण फरशी काढा. त्यावर ते हसले आणि म्हणाले की पत्रे पण काढावे लागतील मग, पावसाळा तोंडावर आहे. वर्गणी काढून पत्र्यांचे पैसे परत करायचे असा विचार मंडळीचा कारभार बघणाऱ्या दोन-तीन वडिलांनी उचलून धरलाय. बाकीचे गप्प आहेत. त्यातल्या एकाची जमीन त्या माणसाकडं बटईनं आहे, त्याचं गप्प बसणं मला समजतं.

स्त्री मंडळ मात्र वेगळंच काहीतरी घेऊन बसलंय. त्यांना दुकानच बंद करायचंय, आडवी बाटली. मला त्यातलं काही कळत नाही. कोणाला माहिती आहे?

---

ऑडिटवाला_लातूर

सांगतो. 2008 चा शासन आदेश आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. राज्य उत्पादन शुल्कवाले सह्यांची पडताळणी करतात, म्हणजे बाईला समोर बसवून 'ही सही तुझीच का' विचारतात. तेव्हा दुकानवाल्याची माणसं बाहेर उभी असतात, त्यामुळं एकेकटीनं जाऊ नका, घोळक्यानं जा. मग मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद.

खरी मेख इथं आहे. झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त असून चालत नाही. यादीत जेवढ्या महिला मतदार आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी आली नाही ती उभ्या बाटलीला गेली असंच धरा. वारलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, पुण्याला कामाला गेलेल्या, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं. म्हणून आधी मतदार यादी साफ करून घ्या.

---

केजची_लेक

आणि तारीख बघा! आमच्या गावात हेच फसलं. मतदान लागलं जानेवारीत. अर्धी वस्ती फडावर, कोणी सांगलीकडं, कोणी कर्नाटकात. ज्या बायकांना दुकान बंद करायची सगळ्यात जास्त गरज, त्याच गावात नाहीत. जेवढ्या होत्या त्यांनी आडवीलाच दिलं, पण यादीच्या निम्म्याला पोचलं नाही. निवेदन असं द्या की पडताळणी आणि मतदान टोळ्या परत आल्यावर आणि परत जायच्या आत होईल. उन्हाळ्यात परत येतात, दसरा-दिवाळीला जातात. तेवढाच काळ आहे तुमच्या हातात.

---

नागसेनवनातला

आणि फक्त स्त्री मंडळाचा अर्ज नको. ख्रिस्त्यांची पन्नास घरं, यादीच्या पाव हिस्सा तरी होतात का? आमच्या विहारातल्या बाया, भजनी मंडळातल्या बाया, मोहल्ल्यातल्या बाया सगळ्यांना घ्या. मोहल्ला तर सगळ्यात आधी येईल.

---

वाळूज_बी_शिफ्ट

माझ्या गावी पण करायचंय. होय, मीच म्हणतोय. नोकरी सुटली तर सुटली म्हणण्याइतका मोठा नाही मी, पण गावातलं देशीचं दुकान वेगळं आणि पगार वेगळा, असं सध्या मनाला सांगतोय. तात्या हसतील.

---

तिरकस_तात्या

नाही हसत. गावच्या बायकांनी मत देऊन एक दुकान बंद केलं तर ती माझ्या लेखी बंदी नाहीच. पण बंद झाल्यावर शेजारच्या गावातून दुचाकीवर पोती भरून माल येतो, त्याचं काय करणार तेही आत्ताच ठरवा. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तिथल्या बायकांना विचारा, अजूनही पाळत ठेवावी लागते.

---

बेथेलकर

सगळ्यांचे आभार. काल तलाठी कार्यालयातून मतदार यादीची प्रत मागवलीय. महिला किती, त्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या किती, हे बायको आणि तिची जाऊ घरोघर फिरून खुणा करतायत. वहिनीही त्यांच्याबरोबर फिरतायत, त्या उठून गेलेल्या भावाच्या. ग्रामसभेच्या आधी निवेदन द्यायचं ठरतंय.

कोणाकडं निवेदनाचा जुना नमुना असेल, मंजूर झालेल्या गावाचा असला तर उत्तम, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सह्यांच्या तक्त्यात मतदार क्रमांक लिहायचा की नुसतं नाव आणि घर क्रमांक चालतो, तेही सांगा.